रक्ताची गुठळी विरघळवणारं एन्झाइम : सोलापूरकर पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

रिपोर्ट हातात घेऊन लॅबच्या काउंटरवर थांबलेली माणसं जे विचारतात आणि रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून जे विचारलं जातं, ते इथं एकत्र केलंय. रोज येणारे प्रश्न आधी आहेत, क्वचित येणारे अवघड प्रश्न शेवटी. आत्ता घरात कुणाच्या छातीत दुखत असेल किंवा कुणाचं तोंड वाकडं झालं असेल, तर हे पान बाजूला ठेवा आणि आधी १०८ ला फोन लावा.

१. रक्त गोठतं हे ठाऊक आहे. पण गोठलेलं रक्त विरघळवणारंही शरीरात काही असतं का?

असतं, त्याचं नाव प्लाझमिन. विळीवर बोट कापलं की रक्तात फायब्रिनचे धागे तयार होतात आणि त्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकून गुठळी बनते. जखम भरत आली की हे जाळं काढून टाकावं लागतं. ते धागे कापण्याचं काम प्लाझमिन करतं.

यकृत हे एन्झाइम झोपलेल्या रूपात तयार करून रक्तात सोडतं. त्या रूपाला प्लाझमिनोजेन म्हणतात. त्याला जागं करणारं दुसरं एन्झाइम म्हणजे टीपीए. ते रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून, म्हणजे वाहिनीला आतून मढवणाऱ्या पेशींच्या थरातून झिरपतं.

शिकत असताना एका प्रात्यक्षिकात मी हे डोळ्यांनी पाहिलं. काचेच्या नळीत रक्ताची घट्ट गुठळी होती. नळी उलटी केली तरी ती हलत नव्हती. तिच्यावर स्ट्रेप्टोकायनेजचे, म्हणजे प्लाझमिनोजेनला जागं करणाऱ्या औषधाचे थेंब टाकले आणि नळी ३७ अंशाच्या पाण्यात ठेवली. काही वेळानं नळी तिरकी केली तर कडेनं लाल पाणी सुटलेलं. अजून थोड्या वेळानं गुठळी आकसून तळाशी गेलेली. शरीरात हेच काम अस्तरातून येणारं टीपीए करवून घेतं. ती नळी आठवते म्हणूनच रक्तवाहिनीचं अस्तर जपा असं मी सगळ्यांना सांगत असतो.

२. मग हे एन्झाइम सगळंच रक्त पातळ का करून टाकत नाही? शस्त्रक्रियेची जखम उसवायला हवी की.

त्याला पहारा कडक आहे. धाग्यावरून सुटून मोकळं फिरणारं प्लाझमिन दिसलं की अल्फा-२ अँटिप्लाझमिन नावाचं प्रथिन क्षणार्धात त्याला निकामी करतं. टीपीएचं आयुष्यही रक्तात जेमतेम पाच मिनिटांचं, आणि त्याला अडवायला पीएआय-१ नावाचा वेगळा पहारेकरी आहे. शिवाय टीपीए आणि प्लाझमिनोजेन दोघंही फायब्रिनच्या धाग्याला चिकटल्यावरच नीट काम करतात. त्यामुळे कापाकापी गुठळीपुरतीच राहते. पीएआय-१ हे नाव लक्षात ठेवा, प्रश्न ९ मध्ये तेच खरं दुखणं आहे.

३. वडिलांना पायात गुठळी झाली. रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे. तिनं गुठळी विरघळतेय ना?

गोळी गुठळी विरघळवत नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की मी तो रोज खोडतो. वॉरफेरिन, ॲसिट्रोम, रिव्हॅरोक्सॅबान, ॲपिक्सॅबान या गोळ्या नवे धागे विणणं थांबवतात. आधीच झालेली गुठळी तुमचं स्वतःचं प्लाझमिन खातं आणि त्याला आठवडे, कधी महिने लागतात. गोळी फक्त त्याला तेवढा वेळ मिळवून देते. खरं तर रक्त ‘पातळ’ही होत नाही, त्याची गोठण्याची घाई कमी होते, इतकंच.

म्हणून सूज उतरली की गोळी आपल्या मनानं बंद करू नका. सूज उतरली तरी आत काम चालू असतं. कधी कधी गुठळी पूर्ण जात नाही, तिथं व्रणासारखा कडक भाग राहतो, आणि तरीही रक्त बाजूच्या वाटेनं नीट वाहतं. सोनोग्राफीत ‘जुनी गुठळी’ असा शेरा आला म्हणून उपचार फसले असं नसतं.

४. डी-डायमर वाढलंय. म्हणजे गुठळी आहेच का?

प्लाझमिननं फायब्रिनचं जाळं कापलं की जे कात्रण रक्तात पडतं ते डी-डायमर. जिथं दोन धागे पक्के सांधलेले असतात तो सांधा प्लाझमिनला कापता येत नाही, म्हणून हे तुकडे जोडीनं सुटतात. कात्रण सापडलं याचा अर्थ कुठंतरी जाळं विणलं गेलं आणि कापलंही गेलं, एवढाच.

ते जाळं कुठलं होतं हे कात्रण सांगत नाही. न्यूमोनिया, नुकतंच झालेलं ऑपरेशन, पडल्याचा मुका मार, गरोदरपण, कर्करोग, नुसतं वाढलेलं वय, या सगळ्यांत आकडा वाढतो. कोविडच्या काळात हा आकडा घरोघरी माहीत झाला. तेव्हापासून लोक धडधाकट असताना ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये ही तपासणी करून घेतात आणि घाबरून येतात. असं करू नका. तिचा खरा उपयोग उलट बाजूनं आहे. डॉक्टरांनी तपासून गुठळीची शक्यता कमी असल्याचं सांगितलं आणि डी-डायमरही नॉर्मल आलं, तर गुठळी नाही असं बऱ्याच खात्रीनं म्हणता येतं.

पन्नाशीनंतर मर्यादाही सरकते. वयाला दहानं गुणायचं. सत्तर वर्षांच्या आजींना ७०० पर्यंत चालतं (एकक नॅनोग्रॅम एफईयू असेल तर, त्यासाठी प्रश्न ५).

५. एका लॅबमध्ये ४८० आलं, दुसरीकडे २४०. दोघांपैकी कुणाचं चुकलं?

बहुतेक वेळा कुणाचंच चुकलेलं नसतं. आकड्यापुढचं एकक वाचा. एफईयू आणि डीडीयू अशी दोन मापं आहेत आणि एफईयूचा आकडा साधारण दुप्पट येतो. काही रिपोर्टमध्ये नॅनोग्रॅम असतात, काहींत मायक्रोग्रॅम. म्हणजे ०.४८ आणि ४८० हे एकच असू शकतं. तुलना करायची तर पुन्हा त्याच लॅबमध्ये करा आणि आकडा फोनवर सांगण्यापेक्षा अख्ख्या कागदाचा फोटो पाठवा.

६. हार्ट अटॅकला देतात ते ‘गुठळी फोडायचं इंजेक्शन’ म्हणजे हेच एन्झाइम का?

हो, किंवा त्याला जागं करणारं. अल्टेप्लेज म्हणजे कारखान्यात बनवलेलं टीपीए. टेनेक्टेप्लेज त्याचंच जास्त टिकणारं रूप, म्हणून ते एका दमात देता येतं. स्ट्रेप्टोकायनेज जंतूपासून मिळतं. ते स्वतः धागा कापत नाही, प्लाझमिनोजेनला मिठी मारून त्याला कामाला लावतं.

स्ट्रेप्टोकॉकस जंतू गुठळी विरघळवतात हे १९३३ साली अमेरिकेत टिलेट आणि गार्नर यांनी दाखवलं. पण हार्ट अटॅकमध्ये त्यानं जीव वाचतात याचा भक्कम पुरावा यायला १९८६ उजाडलं. इटलीत ११ हजारांहून जास्त रुग्णांवर जिसी नावाची चाचणी झाली. दुखायला लागल्यापासून पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत मृत्यू जवळजवळ निम्म्यानं कमी झाले. सगळ्यांचा मिळून विचार केला तर घट १८ टक्क्यांच्या आसपास होती. औषध तेच होतं, फरक पोहोचण्याच्या वेळेचा होता. आपल्याकडे चंदीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत डॉ. गिरीश साहनी यांच्या चमूनं स्ट्रेप्टोकायनेज बनवण्याचं देशी तंत्र विकसित केलं.

करमाळ्याहून, सांगोल्याहून सोलापुरात यायला दोन-अडीच तास सहज जातात. म्हणून छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आधी ईसीजी काढा. अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होण्यासारखी नसेल तर इंजेक्शन तिथंच देऊन पुढं पाठवणं बरं. साधारण बारा तासांपर्यंत ते देता येतं, पण पहिल्या दोन-तीन तासांचं मोल वेगळंच. आणि ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पिऊन झोपू नका. ही वाट बघण्यात गेलेले तास मी कागदांवरच्या वेळांतून फार वेळा मोजले आहेत.

७. काकांच्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यात नेलं तर इंजेक्शन दिलंच नाही. का?

बहुधा तीनपैकी एक कारण असतं.

पहिलं म्हणजे वेळ. मेंदूतल्या गुठळीसाठी ही मुदत साडेचार तासांची आहे आणि ती माणूस ‘शेवटचा धडधाकट दिसला’ तिथून मोजतात. रात्री दहाला झोपलेला माणूस सकाळी सहाला वाकड्या तोंडानं उठला तर घड्याळ दहापासून धरलं जातं. अशा काही रुग्णांना एमआरआय पाहून इंजेक्शन देता येतं. मोठी नस बंद असेल तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत नळी घालून गुठळी ओढून काढता येते, पण ती सोय मोजक्या ठिकाणी आहे.

दुसरं, सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला असेल. लकवा गुठळीनंही होतो आणि नस फुटूनही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. फुटलेल्या नसेत हे एन्झाइम सोडणं म्हणजे जखमेवरची खपली काढणं. याच कारणासाठी लकव्याच्या माणसाला घरच्या घरी ॲस्पिरिन चारू नका.

तिसरं, रक्तदाब १८५/११० च्या वर होता आणि खाली येत नव्हता, नुकतंच मोठं ऑपरेशन झालं होतं, डोक्याला मार होता, किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू होती. सगळं नियमानुसार असूनही १९९५ च्या मूळ अमेरिकी चाचणीत शंभरातल्या साधारण सहा जणांच्या मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला होता. डॉक्टर कचरतात ते उगीच नाही.

पूर्व भागातल्या एका घरातली गोष्ट सांगतो. विड्या वळता वळता बाईच्या हातातून पान गळलं. उचलायला गेली तर बोटं वळेनात. शेजारणीनं मोहरीचं तेल चोळलं, मग कुणीतरी अंगारा आणला. तपासणीची नळी माझ्याकडे आली तेव्हा फॉर्मवर लिहिलं होतं ‘सुरुवात : सकाळी ११, आगमन : सायंकाळी ६’. त्या सात तासांत कुणी तिच्याशी वाईट वागलं नव्हतं, सगळे तिच्यासाठीच धावत होते. फक्त धाव चुकीच्या दिशेला होती. हातातून वस्तू गळणं, बोलणं जड होणं, तोंड एका बाजूला ओढलं जाणं, यांतलं काहीही दिसलं की घड्याळ बघा, वेळ लिहून घ्या आणि सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी निघा.

८. पाच वर्षांपूर्वी स्ट्रेप्टोकायनेज दिलं होतं. पुन्हा गरज पडली तर?

तेच पुन्हा देणं टाळतात. ते जंतूचं प्रथिन आहे. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून ठेवतं, त्यामुळे दुसऱ्या वेळी ते निकामी ठरू शकतं किंवा ॲलर्जी येऊ शकते. टेनेक्टेप्लेज किंवा अल्टेप्लेजला ही अडचण नाही. जुनं डिस्चार्ज कार्ड फाइलच्या सगळ्यात वर ठेवा.

९. माझं एन्झाइम कमी पडतंय का हे कसं कळणार? साखर आहे, पोटही सुटलंय.

त्यासाठी वेगळी तपासणी करायची गरज नाही, तुम्ही उत्तर स्वतःच दिलंय. पोटावरची चरबी, टाइप २ मधुमेह, वाढलेलं ट्रायग्लिसराइड या सगळ्यांत पीएआय-१ वाढतं. पहारेकरी वाढले की टीपीए दबतं आणि गुठळ्या साफ व्हायला उशीर लागतो. पीएआय-१ पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असतं. हार्ट अटॅक सकाळच्या वेळी जास्त येतात, त्यामागचं हे एक कारण मानलं जातं.

विडी-सिगारेटचा मारा थेट अस्तरावर होतो. गरज पडल्यावर अस्तरातून टीपीएचा जो झोत सुटायला हवा तो धूम्रपान करणाऱ्यांत कमी सुटतो, हे मोजून पाहिलेलं आहे. मधुमेहात मी कुणाला घाबरवत नाही, पण साखर आणि विडी दोन्ही असलेल्या माणसाला मात्र हात जोडून सांगतो, आज यातली एक गोष्ट सोडता येण्यासारखी आहे.

वजन घटलं की पीएआय-१ उतरतं. सिद्धेश्वर तलावाभोवती रोज चालणाऱ्यांच्या रक्तात हे काम खरोखर होत असतं.

१०. नॅटोकायनेजची कॅप्सूल ऑनलाइन मिळते. ‘गुठळ्या विरघळवते’ लिहिलंय. घेऊ का?

हा प्रश्न आता आठवड्याला येतो. नॅटो हा जपानमधला आंबवलेल्या सोयाबीनचा पदार्थ. १९८७ मध्ये हिरोयुकी सुमी यांनी त्यातलं एन्झाइम वेगळं केलं, आणि बशीतल्या फायब्रिनवर ते छान काम करतं. पण तोंडानं घेतलेलं प्रथिन पोटात आधी पचनाच्या तावडीत सापडतं. अमेरिकेत २६५ निरोगी माणसांना सुमारे तीन वर्षं हे एन्झाइम किंवा खोटी गोळी दिली गेली. मानेच्या रक्तवाहिनीची भिंत जाड होण्याचा वेग दोन्ही गटांत सारखाच राहिला. हा निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

आणि जो आधीच रक्त पातळ करायची गोळी घेतोय त्यानं वर ही कॅप्सूल घेतली तर रक्तस्रावाची भीती वाढते. गोळी बंद करून तिच्या जागी ही घेणं त्याहून घातक.

सुजेसाठी देतात ते सेराटिओपेप्टिडेज बऱ्याच जणांना ‘तसलंच’ वाटतं. त्याचा हृदयाच्या गुठळीशी संबंध नाही. ज्या जपानमधून ते आलं तिथं २०११ मध्ये ते बाजारातून मागे घेतलं गेलं, कारण नव्यानं तपासलं तेव्हा खोट्या गोळीपेक्षा फरक दिसला नाही. लसणाचंही थोडक्यात सांगतो. शेंगाचटणीतला लसूण खुशाल खा, पण तो औषध नव्हे.

११. गुडघ्यासाठी रोज दुखण्याची गोळी घेते. तिनं गुठळी होते असं ऐकलं.

बरोबर ऐकलंत, आणि इथं एक वेगळं रक्षक एन्झाइम येतं. ते म्हणजे कॉक्स-२, दुखण्याच्या गोळ्या दाबतात ते. त्याचं नाव घेतलं की वेदना आणि सूज आठवते. पण रक्तवाहिनीच्या अस्तरात तेच एन्झाइम प्रोस्टासायक्लिन तयार करायला मदत करतं, आणि प्रोस्टासायक्लिन प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाही. नुसतं कॉक्स-२ दाबलं की वेदना थांबते, पण हे संरक्षणही जातं. रोफेकॉक्सिब ही गोळी २००४ मध्ये जगभरातून मागे घेतली गेली ती हार्ट अटॅक आणि लकव्याचं प्रमाण वाढल्यामुळेच. इटोरिकॉक्सिब आणि डायक्लोफिनॅक यांच्याबाबतही सावध राहावं लागतं.

यंत्रमागावर बारा तास उभं राहून पाय दुखणाऱ्याला ‘गोळी घेऊ नको’ म्हणणं सोपं असतं, हे मला कळतं. पण हृदयविकार, लकवा किंवा किडनीचा त्रास असेल तर ही गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका. पॅरासिटामॉल, शेक आणि व्यायामापासून सुरुवात करा. ॲस्पिरिन चालू असेल तर आयबुप्रोफेन तिच्या आड येऊ शकतं, तेही डॉक्टरांना विचारा.

१२. रात्रीच्या गाडीनं मुंबईला जातो. पायात गुठळी होईल का?

चार तासांहून जास्त बसून प्रवास केला तर धोका साधारण दुप्पट होतो. पण मुळातच तो कमी असतो, निरोगी माणसांत लांबच्या प्रवासात सुमारे सहा हजारांत एक. गाडीत पोटऱ्या हलवा, मध्ये उतरून चार पावलं टाका, पाणी प्या. आधी गुठळी झालेली असेल, पायाला प्लास्टर असेल किंवा कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला.

आषाढीला चालत आलेल्या वारकऱ्यांच्या पोटऱ्या दिवसभर पंपासारख्या चालतात, त्यांची मला काळजी नसते. परतीला टेम्पोत गुडघे पोटाशी घेऊन, पाणी न पिता बसून जातात, तेव्हा मात्र असते. एकच पाय सुजला, पोटरी ताठ होऊन दुखली किंवा अचानक दम लागला तर थांबू नका.

१३. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं असतं म्हणे. मे महिन्यात बाळंतपण झालंय.

पाणी द्या, भरपूर द्या. गरोदरपणात शरीर जाणूनबुजून गुठळी विरघळवायचं काम मंद करतं. पीएआय-१ वाढतं, शिवाय वारेतून पीएआय-२ येतं. बाळंतपणात रक्त जास्त जाऊ नये म्हणून ही सोय असते. पण बाळंतपणानंतरचे सहा आठवडे गुठळीच्या दृष्टीनं सर्वांत नाजूक असतात. त्यात सोलापूरचा पारा ४३-४४ ला, बंद खोली, शेगडी आणि मोजून पाणी. अशानं मेंदूतल्या शिरेत गुठळी होऊ शकते. डोकं असह्य दुखणं, उलट्या, धूसर दिसणं, झटका येणं ही तिची लक्षणं. ‘बाहेरचं असेल’ म्हणून वेळ घालवू नका. आजीला दुखवू नका, पण तांब्या मात्र भरून ठेवा.

१४. पाळीत जास्त जातं म्हणून ट्रानेक्सामिकची गोळी दिली. गुठळी होणार नाही ना?

गर्भाशयाच्या अस्तरात टीपीए भरपूर असतं, म्हणून पाळीचं रक्त सहसा पातळ राहतं. रक्त फारच जोरात जायला लागलं की एन्झाइमला गाठता येत नाही आणि गुठळ्या पडतात. ट्रानेक्सामिक ॲसिड प्लाझमिनोजेनला फायब्रिनच्या धाग्याला चिकटू देत नाही. शोसुके आणि उताको ओकामोटो या जपानी दांपत्यानं ते शोधलं. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावात ते तीन तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात, हे २० हजार स्त्रियांच्या अभ्यासातून २०१७ मध्ये दिसलं. पाळीच्या चार-पाच दिवसांपुरतं ते बहुतेकींना सुरक्षित आहे. पूर्वी गुठळी झालेली असेल किंवा गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर मात्र लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी सांगा.

१५. कोलेस्टेरॉल नॉर्मल, विडी नाही, तरी भावाला चाळिशीत अटॅक. आता माझं काय तपासू?

एकदा लायपोप्रोटीन (ए) तपासा, हा रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण. त्यातल्या एका प्रथिनाची ठेवण प्लाझमिनोजेनशी इतकी मिळतीजुळती आहे की १९८७ मध्ये त्याची रचना उलगडली तेव्हा संशोधकही चकित झाले. प्रयोगशाळेत ते प्लाझमिनोजेनची जागा अडवताना दिसतं. माणसात त्याचा मुख्य त्रास रक्तवाहिनीत चरबी साठण्याच्या बाजूनं होतो. हे अनुवंशानं येतं, पथ्यानं फारसं बदलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरतं. दर डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर आलं तर बाकीचं सगळं, म्हणजे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), रक्तदाब, साखर, जास्त काटेकोर ठेवायचं.

१६. जन्मतःच प्लाझमिनोजेन नसेल तर सगळीकडे गुठळ्या होत असतील?

वाटतं तसं, पण होत नाही. अशा मुलांच्या पापण्यांच्या आत लाकडासारखे कडक पापुद्रे येतात, हिरड्यांवर आणि श्वासमार्गातही येतात. काढले तर पुन्हा येतात. न कापलेलं फायब्रिन तिथं साचत जातं. पायातल्या गुठळ्या मात्र ठळकपणे वाढलेल्या दिसत नाहीत. आजार अतिशय दुर्मीळ आहे, पण डोळ्यातला पापुद्रा वारंवार परत येत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे हा विषय जरूर काढा.

१७. प्लेटलेट १५ हजारांवर आल्या, तरी डॉक्टर म्हणतात आत गुठळ्या होताहेत. आणि प्लेटलेट चढवायला नकार देतात. असं कसं?

एडीएएमटीएस-१३ नावाचं एन्झाइम एका लांबलचक चिकट प्रथिनाचे तुकडे करतं. ते दहा टक्क्यांच्या खाली गेलं की ते प्रथिन अखंड राहून प्लेटलेट गोळा करतं आणि बारीक नसा बुजवतं. प्लेटलेट या गुठळ्यांतच खर्ची पडतात, म्हणून रक्तात कमी दिसतात. वरून आणखी चढवल्या तर आगीत तेल पडू शकतं. इथं प्लाझ्मा बदलावा लागतो, आणि तोही तातडीनं. डेंगीच्या मोसमात हा आजार (टीटीपी) नजरेतून सुटून जाऊ शकतो. सोबत कावीळ, लालसर लघवी, बडबड किंवा झटके असतील तर डॉक्टरांना याबद्दल विचारा.

१८. शेतात घोणस चावली. रक्त गोठतच नव्हतं. सापाच्या विषात प्लाझमिन असतं का?

घोणशीचं विष बहुतांशी उलट बाजूनं काम करतं. त्यातली एन्झाइमं गोठण्याची साखळी इतक्या जोरात पेटवतात की गोठायला लागणारं सगळं सामान संपून जातं. मग रक्त पाण्यासारखं वाहतं. फुरशाचंही तसंच.

ओळखायची तपासणी साधी आहे आणि कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग एकदाच तिरकं करायचं. रक्त वाहिलं तर प्रतिविष लागणार. नळी काचेचीच हवी आणि साबणानं धुतलेली नसावी, नाहीतर चांगलं रक्तही गोठत नाही आणि निकाल चुकतो. इथं ट्रानेक्सामिक किंवा कुठलंही रक्त थांबवायचं औषध प्रतिविषाची जागा घेत नाही. पायाला करकचून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, पाय हलू न देता माणसाला उचलून गाडीत घाला.